बारा क्लबांचं पाणी प्यायलेला स्ट्रायकर: नाव खराब होतं का?

तापीकाठ
जळगाव, धुळे, नंदुरबारकडचं एखादं पोरगं नऊ नंबरची, म्हणजे मुख्य स्ट्रायकरची, जर्सी घालून गोल मारायला लागलं आणि मुंबईचा किंवा गोव्याचा क्लब विचारायला आला, की घरात आणि मैदानावर एकच वाद पेटतो. एक पक्ष म्हणतो, मिळालाय तो क्लब धरून बस, दरवर्षी घर बदलणाऱ्याला कोणी उभं करत नाही. दुसरा म्हणतो, जिथे खेळायला मिळेल तिथे जा.

मी दुसऱ्या पक्षाचा. बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस आपल्याकडे जाणता समजतात. मग बारा क्लबांचं पाणी प्यायलेल्या स्ट्रायकरलाच 'टिकत नाही' हा शिक्का का? आयर्लंडच्या रॉबी कीनची यादी बघा: वुल्व्ज, कॉव्हेंट्री, इंटर मिलान, लीड्स, टॉटनहॅम, लिव्हरपूल, पुन्हा टॉटनहॅम, सेल्टिक, वेस्ट हॅम, एलए गॅलेक्सी, मध्येच थोडे दिवस अ‍ॅस्टन व्हिला आणि २०१७ मध्ये आपल्याकडे कोलकात्याचा एटीके. अकरा क्लब. आणि देशासाठी १४६ सामने, ६८ गोल. आयर्लंडकडून एवढे गोल दुसऱ्या कोणाचे नाहीत.

विचारायचंय ते हे. क्लब बदलण्याची कोणती कारणं चांगली, कोणती धोक्याची? राष्ट्रीय संघ अशा खेळाडूकडे कसा बघतो? आणि आपल्या पोरांनी कागदपत्रांत काय सांभाळायचं? 'मेहनत करा, यश मिळेल' एवढंच लिहायचं असेल तर धागा सोडून द्या, तपशील द्या.

भुसावळ_जंक्शन
चांगला विषय. पण बदल-बदलात फरक करा. कीनच्याच यादीत तीन तऱ्हा आहेत.

पहिली, वर चढत जाणं. वुल्व्जकडून १९९९ मध्ये तो सुमारे ६० लाख पौंडांना कॉव्हेंट्रीला गेला. वर्षभरात इंटरने १ कोटी ३० लाख मोजले. तेव्हा वय वीस. दुसरी, कोच बदलल्यामुळे सुटणं. इंटरमध्ये ज्या कोचने घेतला तो हंगाम सुरू होताच गेला, नव्याच्या गणितात कीन नव्हता, आणि डिसेंबरात लीड्सला लोनवर (करार इंटरशीच, काही दिवस उसना) रवानगी. यात पोराचा दोष काय? तिसरी, संघाच्या रचनेत जागाच नसणं. २००८ मध्ये लिव्हरपूलने सुमारे १ कोटी ९० लाख पौंड दिले, पण तिथे पुढे एकटा फर्नांडो टोरेस. कीन हा जोडीने खेळणारा, पुढच्या स्ट्रायकरच्या मागे दहा पावलांवर फिरणारा. त्याला बाजूला ढकललं, बाकावर बसवलं. लीगचे १९ सामने, ५ गोल, आणि सहा महिन्यांत परत टॉटनहॅम.

म्हणून क्लबने बोलावलं की आधी दोन गोष्टी विचाराव्यात. बोलावतंय कोण, कोच की मॅनेजमेंट? आणि तो कोच पुढे एक लावतो की दोन? पैशाचं त्यानंतर.

नाना_धुळेकर
तापीकाठ भाऊ, मला हे पटत नाही. स्ट्रायकर हा संघातला सगळ्यात परावलंबी माणूस. डिफेंडर नव्या संघात पहिल्या दिवशीही चेंडू उडवून लावू शकतो, गोलकीपर अडवू शकतो. स्ट्रायकरला चेंडू दुसऱ्याने द्यावा लागतो, आणि देणाऱ्याला याची धाव ओळखीची हवी. विंगर, म्हणजे बाजूने पळणारा, मान खाली घालून क्रॉस (गोलसमोर बाजूने येणारा चेंडू) मारतो तेव्हा बघून मारत नाही, अंदाजाने मारतो. तो अंदाज दोन-तीन महिने रोज एकत्र खेळल्याशिवाय येत नाही. दरवर्षी क्लब बदलला तर हंगामाचा पहिला तिसरा हिस्सा ओळख करण्यातच जातो.

सुनील छेत्रीचंच बघा. २०१३ मध्ये बेंगळुरू एफसीत गेला आणि तिथेच राहिला. पहिल्याच हंगामात आय-लीग ही तेव्हाची राष्ट्रीय लीग, २०१५-१६ ला पुन्हा आय-लीग, २०१८-१९ ला आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग. एका जागी मुळं धरली म्हणून झालं हे.

अमळनेरकर
नाना, छेत्रीचं नाव तुम्हीच काढलंत ते बरं झालं. बेंगळुरूच्या आधीची यादी देतो: २००२ मोहन बागान, २००५ जेसीटी, २००८ ईस्ट बंगाल, २००९ डेम्पो, २०१० अमेरिकेत कॅन्सस सिटी, २०११ चिराग युनायटेड, मग पुन्हा मोहन बागान, २०१२ पोर्तुगालमध्ये स्पोर्टिंगचा 'ब' संघ, २०१३ चर्चिल ब्रदर्स लोनवर. आपण ज्याला निष्ठेचा नमुना म्हणतो तो एकोणतिशीला टेकेपर्यंत फिरस्ताच होता. बेंगळुरूला असतानाही मुंबई सिटीकडून लोनवर खेळून गेला.

२००९ मध्ये इंग्लंडच्या क्वीन्स पार्क रेंजर्सशी करार झाला होता, तोही हुकला. कारण खेळ नव्हे, कामाचा परवाना. फिफा क्रमवारीत देश पहिल्या सत्तरात हवा ही तेव्हाची अट, आणि भारत कितीतरी खाली. पोराने काहीही केलं असतं तरी तो कागद मिळाला नसता.

आणि त्या सगळ्या फिरतीतही राष्ट्रीय संघात तो होताच. जून २०२४ मध्ये कोलकात्यात कुवेतविरुद्ध निरोप घेतला तेव्हा १५१ सामने, ९४ गोल. मार्च २०२५ मध्ये परत येऊन मालदीवविरुद्ध आणखी एक.

शिरपूर_नऊ
तुम्हनं बराबर शे भाऊ. पोर्‍याले बाकवर बसाडीसन काय उपेग?

पेनल्टीबॉक्स
नानांचा मुद्दा खरा आहे, पण अर्धा. ओळखीवर चालणारा खेळ वेगळा आणि स्ट्रायकर सोबत घेऊन फिरतो तो खेळ वेगळा. फिरस्त्या स्ट्रायकरला दुसरा जमला पाहिजे.

कीनचा २००२ विश्वचषकातला जर्मनीविरुद्धचा गोल पुन्हा पुन्हा बघावा असा आहे. इबाराकी, ५ जून, आयर्लंड एका गोलने मागे, ९२ वं मिनिट. आयर्लंडच्या फिननने मागून लांब चेंडू टाकला. साथीदार नायल क्विन उंच, तो उडी मारणार हे मैदानावरच्या प्रत्येकाला ठाऊक. जर्मन डिफेंडर चेंडूकडे बघत राहिले. कीनने चेंडू सोडून क्विनचं डोकं बघितलं आणि तो उडायच्या आधीच त्याच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत धाव सुरू केली. हेडर तिथेच पडला. पहिला स्पर्श पुढे, दुसऱ्याला मारला. जर्मन गोलकीपर ऑलिव्हर कानच्या हाताला लागून, खांबाला घासून आत. अंतिम सामन्याआधी त्या स्पर्धेत कानवर झालेला हा एकमेव गोल. अशी धाव कुठल्याही क्लबात, कुठल्याही भाषेत चालते. उंच साथीदार उडणार, तू त्याच्या मागे.

नव्या संघात पहिल्या आठवड्यापासून चालतील अशा आणखी काही गोष्टी. पाठ गोलकडे करून चेंडू घेताना आडवं उभं राहायचं, छाती अर्धी वळलेली, डिफेंडरकडचा हात त्याच्या छातीवर नुसता टेकवलेला (ढकलला की फाउल), आणि चेंडू त्याच्यापासून लांबच्या पायाखाली. दोन स्पर्शांत मागे देऊन मोकळं व्हायचं. नवख्या पोरांची चूक अशी की ताठ उभी राहतात आणि चेंडू जवळच्या पायावर घेतात. मग डिफेंडरला नुसता पाय घालायचा उरतो.

जवळच्या खांबाची धाव: डिफेंडरच्या पाठीमागून, त्याला मान वळवावी लागेल अशा जागेतून निघायचं. आधी दोन पावलं लांबच्या खांबाकडे टाकायची, आणि विंगरने क्रॉसच्या आधीचा शेवटचा स्पर्श केला की तिरकं कापून पुढे यायचं. आधीच जाऊन उभं राहिलं की धाव वाया. वीसपैकी अठरा वेळा चेंडू येत नाही, तरी एकोणिसाव्यांदा धावावंच लागतं. आणि पेनल्टी! नव्या क्लबात पेनल्टीचा हक्क लगेच मिळत नाही, पण सरावात रोज वीस मारून ठेवा. पेनल्टीतून साधारण चारपैकी तीन गोल होतात, एका हंगामात चार-पाच पेनल्टी म्हणजे तीन-चार गोल.

नाना_धुळेकर
धावेचं पटलं. छेत्रीची जुनी यादी मी विसरलो होतो, अमळनेरकरांचे आभार. पण मग फ्रान्सच्या अनेल्काचं काय? इतका गुणी स्ट्रायकर आणि देशासाठी १४ गोल. ते फिरण्यामुळेच नाही का?

यावलची_ताई
नाना, अनेल्काचं उत्तर सरळ नाही. अंगात विलक्षण वेग. आर्सेनलने १९९७ मध्ये पॅरिस सेंट जर्मेनकडून पाच लाख पौंडांना घेतला आणि १९९९ मध्ये रेआल माद्रिदला सुमारे सव्वादोन कोटींना विकला. माद्रिदबरोबर २००० चा चॅम्पियन्स लीग, फ्रान्सबरोबर २००० चा युरो. मग पॅरिस, लिव्हरपूलला लोन, मँचेस्टर सिटी, फेनेरबाचे, बोल्टन, चेल्सी. चेल्सीत २००८-०९ ला १९ गोल मारून प्रीमियर लीगचा सर्वाधिक गोल करणारा ठरला. पुढे शांघाय, युव्हेंटस, वेस्ट ब्रॉम आणि २०१४ पासून आपली मुंबई सिटी, तिथे शेवटी खेळाडू आणि कोच दोन्ही.

आता देशाचं. १९९८ च्या विश्वचषकात शेवटच्या यादीतून नाव कापलं गेलं, तेव्हा तो आर्सेनलबरोबर लीग जिंकून आला होता. २००२ नाही, २००६ नाही. २०१० ला गेला तर मेक्सिकोच्या सामन्यात मध्यंतरात कोचशी भांडण झालं आणि संघटनेने घरी पाठवला. ६९ सामने, १४ गोल. ऑन्री आणि त्रेझेगे ज्या देशात रांगेत उभे आहेत तिथे एक वर्ष गमावलं की जागा गेली. आयर्लंडला कीनशिवाय दुसरा तसा नव्हता. म्हणून क्लबांची संख्या सारखी असली तरी देशाकडून खेळण्याचा हिशेब वेगळा निघतो. मागे रांग किती लांब आहे त्यावर तो ठरतो.

स्वभावाचा भाग आहेच, तो मी झाकत नाही. पण क्लब बदलले म्हणून देशाची दारं बंद झाली, हे खरं नाही.

अमळनेरकर
ताईंच्या मुद्द्याला जोड: इटलीचा स्ट्रायकर क्रिस्तियान व्हिएरी. १९९१ ते १९९९, आठ हंगाम, आठ क्लब. तोरिनो, पिसा, रावेन्ना, व्हेनेझिया, अटलांटा, युव्हेंटस, अ‍ॅटलेटिको माद्रिद, लाझिओ. एकाही ठिकाणी दुसरा हंगाम नाही. माद्रिदमध्ये लीगच्या २४ सामन्यांत २४ गोल. मग १९९९ मध्ये इंटरने ९० अब्ज लिरा मोजले, तेव्हाचा जागतिक विक्रम. आणि इटलीसारख्या देशाकडून, जिथे रांग फ्रान्सइतकीच लांब, विश्वचषकात ९ गोल, १९९८ ला पाच आणि २००२ ला चार. 'टिकत नाही' म्हणणाऱ्याने हे एकदा लिहून भिंतीवर लावावं.

सावदेकर
मोठ्या नावांत आपल्याला लागू पडणारं उदाहरण राहून गेलं: बार्थोलोम्यू ओगबेचे. पॅरिस सेंट जर्मेनमध्ये वाढला, २००२ च्या विश्वचषकात सतराव्या वर्षी नायजेरियाच्या संघात. पुढे देशाचे सामने ११ च. क्लब मात्र मोजत बसा: बास्तिया, मेट्झ, अल जझिरा, अलावेस, व्हॅलाडॉलिड, कादिझ, ग्रीसमधला कव्हाला, मिडल्सब्रो, झेरेझ, नेदरलँड्समध्ये कँबूर आणि विलेम टू. चौतिशीत भारतात आला.

नॉर्थईस्टकडून १२ गोल, केरळकडून १५, मुंबई सिटीकडून ८, हैदराबादकडून १८ आणि १०. बेरीज ६३, पाच हंगामांत चार क्लब. तेव्हा आयएसएलमध्ये एवढे कोणाचेच नव्हते.

मला त्यातला मुंबईचा ८ गोलांचा हंगाम सगळ्यात मोलाचा वाटतो. २०२०-२१ मध्ये लीग आणि चषक दोन्ही मुंबईने घेतले. शेवटच्या साखळी सामन्यात एटीके मोहन बागानला २-० हरवलं तेव्हा एक गोल त्याचा. फायनलमध्ये ९० व्या मिनिटाला गोलकीपर पुढे येऊन चुकला, चेंडू ओगबेचेकडे आला, समोर गोल जवळजवळ उघडा. स्वतः मारायचा मोह कुठल्याही स्ट्रायकरला झाला असता. त्याने बिपिन सिंगला दिला आणि बिपिनने मारला, २-१. कोच असा माणूस पुढच्या वर्षी फोन करून बोलावतात.

हिशेबी_चोपडा
तर मग क्लब मोजायचे सोडून मिनिटं मोजा. ३८ सामन्यांच्या लीगमध्ये पूर्ण हंगाम म्हणजे ३४२० मिनिटं. एकाने ३४२० मिनिटांत १५ गोल केले, म्हणजे २२८ मिनिटांना एक. दुसऱ्याने ९०० मिनिटांत ८, म्हणजे साधारण ११२ मिनिटांना एक. पेपरात पहिला मोठा दिसतो. मला विचाराल तर दुसऱ्याने लगेच क्लब बदलावा, कारण तो दुप्पट वेगाने गोल करतोय आणि खेळायला पाव वेळ मिळतोय.

आपल्या पोरांनी वहीत प्रत्येक सामन्यापुढे चार रकाने ठेवावेत: मिनिटं, गोल, गोलच्या दिशेने मारलेले फटके, आणि पेनल्टी सोडून गोल. ट्रायलला जाताना ही वही आणि व्हिडिओ, दोन्ही लागतात.

पेनल्टीबॉक्स
हिशेबी भाऊ, थोडं थांबा. ९०० मिनिटांचा खेळाडू बदली म्हणून साठाव्या-सत्तराव्या मिनिटाला उतरत असेल तर समोरचे डिफेंडर दमलेले असतात आणि मैदानात मोकळ्या जागा पडलेल्या असतात. तो वेग पूर्ण ९० मिनिटं टिकत नाही. शिवाय ८ गोल हा आकडाच लहान, दोन सामन्यांत दोन-दोन मारले की सगळं गणित फिरतं. सुरुवातीपासून खेळलेल्या सामन्यांची मिनिटं वेगळ्या रकान्यात लिहा.

हिशेबी_चोपडा
मान्य. पाचवा रकाना वाढवतो: पहिल्या अकरात होता की बदली.

नियमावली
कागदपत्रांचा प्रश्न तसाच राहिला, म्हणून लिहितो. फिफाचे बदलीचे नियम पोरांनी आणि पालकांनी एकदा तरी समजून घ्यावेत.

एका हंगामात जास्तीत जास्त तीन क्लबांकडे नोंदणी करता येते, पण अधिकृत सामने दोनच क्लबांकडून खेळता येतात. (दोन देशांचे हंगाम एकमेकांवर चढत असतील तर तिसऱ्याची सवलत मिळू शकते.) म्हणून ऑगस्टमध्ये एका क्लबकडून दहा मिनिटं उतरलात, जानेवारीत दुसऱ्याकडे गेलात, तर तिथे जमो वा न जमो, हंगाम संपेपर्यंत अडकलात. नोंदणी बदलीच्या खिडकीतच होते, वर्षात दोनदा.

करार कमीत कमी चालू हंगामाच्या शेवटपर्यंत, जास्तीत जास्त पाच वर्षं. अठराच्या आत असाल तर तीन वर्षांपेक्षा जास्तीचा करार लावता येत नाही. कोणी सोळाव्या वर्षी पाच वर्षांवर सही मागितली तर नाही म्हणा.

कराराचे शेवटचे सहा महिने उरले की दुसऱ्या क्लबशी पुढच्या हंगामाचा करार करता येतो आणि मुदत संपली की खेळाडू मोकळा. हे १९९५ च्या बोसमन खटल्यातल्या युरोपीय न्यायालयाच्या निकालानंतर आलं. फिरस्त्या स्ट्रायकरच्या बऱ्याच बदल्या अशाच, फुकटातल्या. फी नसल्यामुळे क्लब पगार बरा देतो.

पगार थकला तर? दोन महिन्यांचा पगार राहिला की क्लबला लेखी नोटीस द्यायची, किमान १५ दिवसांची मुदत द्यायची, तरी नाही दिला तर करार तोडायला ते योग्य कारण धरलं जातं. तोंडी सांगून निघून आलात तर उलट तुमच्यावरच दावा येतो. इथेच पोरं फसतात.

लोन जास्तीत जास्त एका वर्षाचं, आणि लोनवर घेतलेला खेळाडू तिसऱ्या क्लबला परत लोनवर देता येत नाही.

शिरपूर_नऊ
लहानपणी ज्या क्लबात वाढला त्याला काही मिळतं का?

नियमावली
मिळतं, आणि आपल्या तालुक्याच्या क्लबांनी हे पाठ करावं. करार चालू असताना खेळाडू फी घेऊन परदेशी क्लबला विकला गेला, तर फीचे ५ टक्के त्याला १२ ते २३ वयात वाढवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. १२ ते १५ च्या प्रत्येक हंगामाला पाव टक्का, १६ ते २३ च्या प्रत्येक हंगामाला अर्धा टक्का.

समजा पोरगं १३ ते १६, असे चार हंगाम तुमच्या क्लबात नोंदलेलं होतं. तीन वेळा पाव आणि एकदा अर्धा, म्हणजे सव्वा टक्का. पुढे गोव्याच्या क्लबने त्याला परदेशात दोन कोटी रुपयांना विकलं तर तुमच्या क्लबचे अडीच लाख. त्यात वर्षभराचे चेंडू, जाळ्या आणि कोचचं मानधन निघतं. नोव्हेंबर २०२२ पासून हा पैसा फिफाच्या क्लिअरिंग हाउसमधून, नोंदणीच्या नोंदी बघून वाटला जातो. म्हणजे भारतीय महासंघाच्या ऑनलाइन नोंदणीत पोराचं नाव त्या हंगामाला तुमच्या क्लबापुढे नसेल तर तुम्ही त्याला कितीही घडवलं असेल, हातात शून्य. आणि करार संपून फुकटात गेला तरीही या टक्क्यांतलं शून्य.

भुसावळ_जंक्शन
भारतातल्या फिरतीचं एक मोठं कारण अजून कोणी लिहिलं नाही. इथे खेळाडू क्लब सोडत नाही, क्लबच बंद होतो. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ला राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० ला संघ बंद केला. पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारं जेसीटी २०११ ला बंद. पुणे एफसी २०१५ च्या सुमारास, एफसी पुणे सिटी २०१९ ला. प्रत्येक वेळी पंचवीस खेळाडू रस्त्यावर, त्यातले स्ट्रायकर सगळ्यात अडचणीत. नऊ नंबरची जागा बहुतेक क्लब परदेशी खेळाडूला देतात. आयएसएलमध्ये २०१७ पर्यंत मैदानावर सहा परदेशी चालायचे, मग पाच, २०२१ पासून चार. तरी कापली जाते ती विंगरची नाहीतर मिडफिल्डरची परदेशी जागा, नऊ नंबर तसाच राहतो. भारतीय स्ट्रायकरला मग उजवीकडे-डावीकडे ढकलतात.

म्हणून आपल्या पोरांनी नऊ नंबरबरोबर एक बाजू शिकून ठेवलीच पाहिजे. छेत्रीसुद्धा कित्येक सामने डावीकडून आत कापत खेळलाय.

सावदेकर
पुणे सिटीवरून आठवलं. २०१४ ला तिथे त्रेझेगे खेळला, ज्याने २००० च्या युरो फायनलला सुवर्ण गोल (जादा वेळेत पडला की सामना तिथेच संपायचा तो) मारला तो. २०१५ ला रुमानियाचा मुटू. २०१६ ला मुंबईकडे उरुग्वेचा फोर्लान. बालेवाडीत तिकीट काढून हे दिसत होतं!

यावलची_ताई
फोर्लानचं नाव आलं तर अब्रेऊ आलाच पाहिजे. उरुग्वेचाच स्ट्रायकर सेबास्तियन अब्रेऊ, तीसच्या वर क्लब, जगात सर्वाधिक क्लबांकडून खेळल्याचा गिनेस विक्रम. जुलै २०१० ला विश्वचषकात घानाविरुद्ध उपांत्यपूर्व फेरी, शूटआउटचा शेवटचा फटका याचा. आत गेला तर उरुग्वे चाळीस वर्षांनी उपांत्य फेरीत. लांब धाव घेतली आणि चेंडूखाली बूट सरकवून मधोमध अलगद उचलला, गोलकीपर केव्हाच खाली पडलेला. देशासाठी ७० सामने, २६ गोल. अनोळखी मैदानात जाऊन दरवर्षी पहिल्यापासून सिद्ध करायची सवय असलेला माणूसच तिथे असा मारू शकतो, असं मला मनापासून वाटतं.

नाना_धुळेकर
ताई, तो फटका मीही विसरलेलो नाही. पण विषय भुसावळहून सुटून थेट उरुग्वेला पोचला. आपल्या मैदानाचं बोला. आपली पोरं काळ्या मातीवर खेळतात. मार्चनंतर ती दगडासारखी होते, वर बारीक भेगा. लांब स्टडचे बूट तिथे टेकतच नाहीत, सगळा भार चार-सहा टोकांवर येऊन टाच आणि घोटा दुखतो. तिथे छोट्या, दाट गुट्ट्यांचे टर्फ बूट घाला. हीच पोरं मुंबईच्या कृत्रिम गवतावर ट्रायलला जातात तेव्हा लांब स्टड रुततात आणि गुडघा पिळतो. तिथेही आखूड तळ. लांब स्टड फक्त ओल्या, खऱ्या गवतासाठी. म्हणजे दोन जोड लागतात, आणि नवा जोड ट्रायलच्या दिवशी पहिल्यांदा घालायचा नाही.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो. धावण्याचा सराव सकाळी आठच्या आत संपला पाहिजे. सुट्टीत बसून राहून जूनमध्ये एकदम क्लबच्या सरावात उतरलं की पंधरा दिवसांत मांडीमागचा स्नायू जातो. स्ट्रायकरचं काम छोट्या जोरदार धावांचं, म्हणून तोच आधी जातो. क्लबला जायच्या सहा आठवडे आधीपासून आठवड्यातून दोनदा २० ते ३० मीटरच्या पूर्ण वेगाच्या धावा, सहापासून सुरू करून बारापर्यंत न्यायच्या. आणि गुडघ्यावर बसून, घोटे कोणी धरून, अंग हळूहळू पुढे सोडायचा नॉर्डिक व्यायाम.

अमळनेरकर
नानांनी लिहिलेला सहा आठवड्यांचा नियम जानेवारीत क्लब बदलणाऱ्यांना जास्तच लागू. तिथे तयारीचा काळच मिळत नाही, सोमवारी सही आणि शनिवारी सामना. बाकावरून उठून जाणारा तर महिनोन्‌महिने पूर्ण ९० मिनिटं खेळलेला नसतो. पहिले तीन सामने अर्धा-पाऊण तास मागून घ्यावेत.

वयाचंही सांगतो. इटलीचा स्ट्रायकर लुका टोनी २००३ ला पालेर्मोला आला तेव्हा सव्वीस वर्षांचा, आधी मोडेना, एम्पोली, त्रेव्हिसो, व्हिचेन्झा, ब्रेशिया असं पायाखाली घातलेलं. दुसऱ्या श्रेणीत ३० गोल मारले, २००४ ला सत्ताविसाव्या वर्षी देशाकडून पहिला सामना, २००५-०६ ला फिओरेंतिनाकडून ३१ गोल, २००६ ला विश्वविजेता. आणि ३८ व्या वर्षी व्हेरोनाकडून २२ गोल मारून लीगमध्ये संयुक्त पहिला. बाविसाव्या वर्षी पोराला 'आता नोकरी बघ' म्हणणाऱ्यांनी ही वयं बघावीत.

भुसावळ_जंक्शन
नोकरीला इतकं खालचं समजू नका अमळनेरकर. रेल्वेच्या क्रीडा कोट्यातून लागलेला खेळाडू संतोष करंडकात रेल्वेकडून खेळतो, पगार महिन्याला येतो, क्लब बंद पडायची भीती नाही. ज्या घरात दोन एकर केळी आणि त्यावर कर्ज, तिथे हा विचार व्हायलाच हवा.

अमळनेरकर
चूक झाली, मान्य. खालचं म्हणायचं नव्हतं. फक्त बाविसाव्या वर्षी निकाल लावू नका एवढंच.

तापीकाठ
सगळ्यांचे आभार. नानांशी वाद घालायला आलो होतो, पण बूट आणि सहा आठवडे त्यांच्याकडूनच घेऊन जातोय.

माझ्या मूळ प्रश्नावर जे हाती आलं ते असं. मिनिटं वाढत असतील तर बदल करावा. नुसता पगार वाढतोय आणि पुढे पक्का परदेशी नऊ नंबर बसलाय, तर दोनदा विचार. कोच बोलावत असेल तर जावं, पण त्याचाच करार किती दिवसांचा आहे हेही विचारून घ्यावं, नाहीतर कीनचं इंटर होतं. आणि हंगामात दुसऱ्या क्लबकडून खेळून झालं की तिसरा नाही.

एक शंका राहिली. आपल्याकडची बरीच पोरं शाळेकडून खेळतात आणि क्लबात नोंदच नसते. त्यांनी काय करावं?

नियमावली
शाळेच्या स्पर्धेचं प्रमाणपत्र म्हणजे नोंदणी नव्हे. आपल्या जिल्हा संघटनेशी जोडलेल्या क्लबाकडून ऑनलाइन नोंदणी करून घ्या, दर हंगामाला नव्याने. जन्मदाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर एक हवं. वडिलांच्या नावाची जागा वर-खाली झाली तरी अडतं. वय चोरू नका, मनगटाच्या हाडांच्या तपासणीत सापडतं आणि मग बंदी येते. क्लब सोडताना ना-हरकत पत्र लेखी घ्या, तारीख आणि शिक्का बघून.

शिरपूर_नऊ
आमना पोर्‍यासना जन्मदाखला आणि आधार आजच ताडी पाहतस. धन्यवाद भाऊ.